नुसता गोंगाट नव्हे : ‘डार्कनेस डिसेंड्स’

थ्रॅश मेटल, म्हणजे अतिवेगवान आणि जड रॉक संगीत, म्हटलं की मेटॅलिका, मेगाडेथ, स्लेयर आणि अँथ्रॅक्स या चार बँडची नावं पहिल्यांदा निघतात. 1986 हे या संगीताचं भरघोस पिकाचं वर्ष. मार्चमध्ये मेटॅलिकाचा ‘मास्टर ऑफ पपेट्स’ आला, ऑक्टोबरमध्ये स्लेयरचा ‘रेन इन ब्लड’. पाठोपाठ नोव्हेंबरमध्ये डार्क एंजल या बँडचा ‘डार्कनेस डिसेंड्स’ आला. बँड लॉस एंजेलिसजवळच्या डाउनीचा, अल्बम सात गाण्यांचा, लांबी साधारण 35 मिनिटं. त्या चौघांची प्रसिद्धी याच्या वाट्याला कधीच आली नाही. मला मात्र तो त्या वर्षीच्या कुठल्याही मोठ्या अल्बमच्या बरोबरीचा वाटतो. म्हणूनच त्याच्याबद्दल सहज बोलल्या जाणाऱ्या काही गोष्टी तपासून घ्याव्याशा वाटतात.

गैरसमज : हा सगळा गोंगाट आहे. जो जास्त जोरात बडवेल तो श्रेष्ठ.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला असं वाटणं स्वाभाविक आहे. सवय नसलेल्या कानाला इतक्या वेगातले ठोके सुटे ऐकूच येत नाहीत, सगळं एकमेकांत मिसळून जातं. पण दोन-तीनदा ऐकलं की एकेक वाद्य वेगळं होऊ लागतं. त्यासाठी गिटारवादकाच्या उजव्या हाताकडे लक्ष द्यावं. तळव्याची कड ब्रिजपाशी, म्हणजे गिटारच्या अंगावर तारा टेकतात त्या पट्टीपाशी, तारांवर हलकी टेकलेली असते. त्यामुळे तारेचा आवाज लांबत नाही, तुटक आणि जड होतो. हात उचलला की तोच सूर मोकळा सुटतो. दाबलेला आणि सुटलेला आवाज यांच्या आलटापालटीतून थ्रॅशची रिफ, म्हणजे गिटारवर फिरून फिरून येणारा छोटा तुकडा, उभी राहते. जिम डर्किन आणि एरिक मायर हे दोघे गिटारवादक ही करामत एकाच वेळी, एकाच मापाने करतात. एकाचा हात जरा पुढेमागे झाला, तर त्या रिफची धारच जाईल.

आणि ड्रमवर जीन होग्लन. अल्बम आला तेव्हा तो 19 वर्षांचा होता आणि या बँडबरोबरचा त्याचा हा पहिलाच अल्बम. दोन्ही पाय बास ड्रमवर, उजवा हात झांजेवर, डावा स्नेअर ड्रमवर, असे चारही अवयव आपापली वेगळी कामं करत असतात. ख्यालगायनात आपण दाणेदार तानेला दाद देतो ती तिच्या वेगासाठी नसते, वेगातही प्रत्येक स्वर सुटा लागतो म्हणून असते. होग्लनला ऐकताना तीच कसोटी लावावी. आज संगणकावर ठोके ओढून सरळ रेषेत बसवता येतात, 1986 साली तशी सोय नव्हती. जे वाजलं ते हातापायांनी. पुढे याच होग्लनने डेथ, टेस्टामेंट, स्ट्रॅपिंग यंग लॅड अशा बँडमध्ये ड्रम वाजवले आणि त्याच्या अचूकपणामुळे त्याला ‘अ‍ॅटॉमिक क्लॉक’ हे टोपणनाव पडलं.

शिवाय वेग सगळीकडे सारखा नाही. शीर्षकगीत पहिल्या क्षणापासून धावत सुटत नाही. आधी गिटार आणि ड्रम दाब वाढवत नेतात आणि मग गाणं उधळतं. ‘ब्लॅक प्रॉफेसीज’ हे गाणं तर आठ मिनिटांहून मोठं आहे. त्यात लय बदलते, रिफमागून रिफ येत राहतात, आणि मोठ्या रचनेचा तोल शेवटपर्यंत सुटत नाही. रिफ रचण्याचा हा हव्यास बँडने पुढे आणखी ताणला. 1991 च्या ‘टाइम डझ नॉट हील’ या अल्बमची जाहिरातच मुळी 9 गाणी, 67 मिनिटं आणि 246 रिफ अशी केली होती.

गैरसमज : ही स्लेयरची नक्कल आहे.

नातं आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. दोन्ही बँड लॉस एंजेलिसच्या परिसरातले, आणि होग्लनने उमेदवारीच्या दिवसांत स्लेयरसाठी रोडी, म्हणजे कार्यक्रमांचं सामान सांभाळणारा मदतनीस, म्हणून कामही केलं होतं. पण ‘रेन इन ब्लड’ आणि हा अल्बम यांच्यात जेमतेम दीड महिन्याचं अंतर. एवढ्यात ऐकून, उचलून, मुद्रित करून अल्बम बाहेर काढता येत नाही. स्वभावही वेगळा. ‘रेन इन ब्लड’ अर्ध्या तासाच्या आत आटोपतो, त्याची बहुतेक गाणी तोडून घेतल्यासारखी आखूड. डार्क एंजल गाणी लांबवतात, एका कल्पनेवर दुसरी रचत जातात.

गैरसमज : यात सैतानाची भक्ती आणि हिंसेचा प्रचार आहे.

मृत्यू, आग, विनाश हे विषय आहेतच, पण ते आले कुठून ते पाहावं. शीर्षकगीतामागे जज डेथ आहे. ‘2000 एडी’ या ब्रिटिश कॉमिक साप्ताहिकातल्या जज ड्रेडच्या कथांमध्ये 1980 साली अवतरलेला हा खलनायक. त्याचा युक्तिवाद असा की गुन्हे फक्त जिवंत माणसं करतात, म्हणून जिवंत असणं हाच गुन्हा आणि मृत्यू ही त्याची शिक्षा. कायद्याच्या नावाखाली सगळ्यांचा जीव घ्यायला निघालेल्या सत्तेची ही भयकथा आहे. ‘द बर्निंग ऑफ सॉडम’चा विषय थेट बायबलमधला, ‘ब्लॅक प्रॉफेसीज’चा नोस्ट्राडेमसच्या भविष्यवाण्यांचा. भयकथा लिहिणाऱ्याला आपण खुनी ठरवत नाही. गाणाऱ्या डॉन डोटीलाही तोच न्याय हवा.

गैरसमज : अंडरग्राउंड म्हणजे न चाललेला माल, आणि म्हणूनच ध्वनिमुद्रण कच्चं.

हा अल्बम काढला कॉम्बॅट रेकॉर्ड्स या स्वतंत्र कंपनीने. बड्या कंपन्यांचा जाहिरातीचा पैसा अशांच्या हाती नसे. त्या काळात हे संगीत पसरलं ते चाहत्यांच्या पत्रव्यवहारातून. एकाने कॅसेट भरून पोस्टाने दुसऱ्या देशात पाठवायची, तिकडून बदल्यात दुसऱ्या बँडचा डेमो यायचा. चाहत्यांनीच काढलेली छोटी नियतकालिकं, म्हणजे फॅनझिन, बँडची माहिती पुरवत. तेव्हा अंडरग्राउंड हे कमी प्रतीचं लक्षण नव्हतं. ती संगीत पोचण्याची वाट होती, आणि त्या वाटेवर खर्च करणारा प्रत्येक जण मनापासून ऐकणारा होता.

मुद्रणाचं म्हणाल तर निर्माता होता रँडी बर्न्स. पझेस्ड या बँडचा ‘सेव्हन चर्चेस’, मेगाडेथचा ‘पीस सेल्स’ आणि डेथचा ‘स्क्रीम ब्लडी गोअर’ या अल्बमवरही त्याचं काम आहे. गिटारचा आवाज दाट आणि खरखरीत, डोटीच्या गळ्यावर घुमारा. काहींना तो गढूळ वाटतो. मला वाटतं, अधिक चकचकीत मुद्रणात या गाण्यांतली घुसमट हरवली असती. प्रत्येक जण आपल्या ताकदीच्या टोकाला वाजवतोय हे ऐकू येतं, आणि या अल्बमची ओढ मला तिथेच लागते.

यातलं काय खरं ते स्वतःच्या कानांनी पडताळायचं असेल, तर ‘मर्सिलेस डेथ’पासून सुरुवात करावी. हे गाणं बँडने दोनदा मुद्रित केलं. पहिल्यांदा 1985 च्या ‘वी हॅव अराइव्ह्ड’मध्ये, तेव्हा ड्रमर दुसरा होता. मग इथे, होग्लनबरोबर. आधी 1985 चं ऐकावं, लगेच 1986 चं लावावं. गाणं तेच असूनही नव्या मुद्रणात लय चढलेली आहे आणि गिटारला मागे रेंगाळायला जागाच उरलेली नाही.