तराजूतली कोंबडी आणि तक्त्यातली कोंबडी

रविवारी सकाळी वर्ध्यातल्या कुठल्याही चिकनच्या दुकानापुढे दोन प्रश्न हमखास कानावर येतात. "भाऊ, बॉयलर का गावरान?" आणि "भाव जिवंतचा का कटिंगचा?" ब्रॉयलरला बॉयलर म्हणणं आता दुरुस्तीपलीकडे गेलंय, मीही तेच म्हणतो. तिसरा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही, कारण त्याचं उत्तर ठरलेलं असतं: चामडी ठेवायची की काढायची? बॉयलर असेल तर दुकानदार पिसांसकट चामडी ओढून काढतो आणि ड्रममध्ये टाकतो. कोंबडीतून किती उष्मांक मिळणार, हे बरंचसं त्या एका ओढीतच ठरतं.

पोषणाच्या तक्त्यात 'कच्ची अख्खी कोंबडी' अशी एक ओळ असते. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यात तिच्यापुढे १०० ग्रॅममागे हे आकडे आहेत: पाणी ६६ ग्रॅम, प्रथिनं १८.६ ग्रॅम, चरबी १५ ग्रॅम, कर्बोदकं शून्य, उष्मांक २१५. हे १०० ग्रॅम म्हणजे हाडं काढून टाकलेलं, पण चामडी ठेवलेलं मांस. नुसतं मांस घेतलं की चित्र बदलतं: प्रथिनं २१.४ ग्रॅम, चरबी जेमतेम ३ ग्रॅम, उष्मांक ११९. चामडी वेगळी मोजली तर तिच्यात ३२ ग्रॅम चरबी आणि ३४९ उष्मांक भरतात. म्हणजे तक्त्यात 'अख्खी कोंबडी' म्हणून जो २१५ चा आकडा दिसतो, ती आपल्या पिशवीतली कोंबडी नव्हेच. आपली ११९ च्या जवळची.

हे आकडे येतात कुठून? मांसाचा कीस वाळवायचा, वजन जितकं घटलं तितकं पाणी. वाळलेल्या भुकटीतली चरबी ईथरसारख्या द्रवात विरघळवून काढायची. उरलेलं भट्टीत जाळलं की जी राख राहते ती खनिजं. प्रथिनं मात्र थेट मोजत नाहीत. योहान केल्डाल या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने १८८३ साली नायट्रोजन मोजायची रीत काढली. तो नायट्रोजन मोजून ६.२५ ने गुणायचा, कारण प्रथिनांत सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो. शेवटी उष्मांकांची बेरीज: प्रथिनांच्या ग्रॅमला ४, चरबीच्या ग्रॅमला ९. चामडीसकट कोंबडीचा हिशेब असा केला तर २१० येतात, तक्ता २१५ म्हणतो. चूक नाही, मांसासाठी गुणक किंचित जास्त धरतात, ४.२७ आणि ९.०२. कर्बोदकं शून्यच, कारण कोंबडीच्या स्नायूंत थोडं ग्लायकोजेन असतं तेही कापल्यानंतर मोडून जातं.

आपल्याकडे अशा तक्त्यांची सुरुवात तमिळनाडूतल्या कुन्नूरच्या प्रयोगशाळेत झाली. भारतीय अन्नाच्या पोषणमूल्यांची तिची पुस्तिका १९३७ ची. तीच संस्था पुढे हैदराबादला गेली आणि राष्ट्रीय पोषण संस्था झाली. २०१७ मध्ये तिने ५२८ खाद्यपदार्थांचे नवे तक्ते छापले. कुन्नूरची पुस्तिका निघाली त्याच १९३० च्या दशकात वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीवादी अर्थतज्ज्ञ कुमारप्पा आणि त्यांचे सहकारी हातसडीचा तांदूळ, गूळ आणि घाणीचं तेल यांच्या मागे लागले होते. कोंबडी अर्थातच त्यांच्या यादीत नव्हती. तेल होतं, आणि तेलाकडे आपल्यालाही यायचंच आहे.

आधी हाडं. दोन किलोची जिवंत बॉयलर घेतली, तर पिसं, चामडी, डोकं, पाय, आतडी जाऊन सव्वा किलोच्या आसपास हाती येते, कधी थोडी जास्त. त्यातला ढोबळमानाने तिसरा हिस्सा हाडांचा. म्हणून 'एक किलो कटिंग' म्हणजे साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास मांस, आणि त्यात सुमारे १४० ग्रॅम प्रथिनं. घरात पाच माणसं जेवायला असली तर प्रत्येकाच्या वाट्याला २८ ग्रॅम. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत ६५ किलोच्या पुरुषाला दिवसाला ५४ ग्रॅम आणि ५५ किलोच्या बाईला ४६ ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. एका जेवणात अर्ध्याहून जास्त गरज भागली. वाटणी सारखी झाली तर! लेगपीस कोणाच्या ताटात जातो आणि मानेचा तुकडा कोणाच्या, हे कुठल्याच तक्त्यात नसतं.

लेगपीस आणि छाती यांच्यात फारसा फरक नाही. चामडी काढलेल्या छातीत प्रथिनं २२ ग्रॅमच्या वर, मांडीत २० च्या जवळ. चरबी मांडीत थोडी जास्त, म्हणूनच ती रश्श्यात कोरडी पडत नाही. व्यायामशाळेतली पोरं छातीच्याच मागे का लागतात कळत नाही, दोन-अडीच ग्रॅमांसाठी.

गावरानची गोष्ट निराळी. तिची चामडी ओढून काढत नाहीत. गरम पाण्यात बुडवून पिसं उपटतात, उरलेली लव जाळावर भाजतात, हळद चोळतात आणि चामडीसकट तुकडे करतात. तरी ती बॉयलरसारखी चरबीदार नसते, कारण ती उकिरड्यावर, बांधावर दिवसभर फिरलेली असते आणि पाच-सहा महिने तरी जगलेली असते. बॉयलर पाच-सहा आठवड्यांत दोन किलोची होते. इंजेक्शनने फुगवतात असं अनेकजण सांगतात. खरं कारण पिढ्यान्‌पिढ्यांची निवड आणि खुराक. वय वाढलं की मांसातल्या कोलॅजनचे धागे घट्ट विणले जातात, म्हणून गावरान चुलीवर तास-दीड तास मागते. तेच कोलॅजन शिजून रश्श्यात उतरतं आणि गार झालेला रस्सा थरथरायला लागतो. प्रथिनांच्या आकड्यात मात्र दोघींत फार अंतर नाही. गावरानचे जास्तीचे पैसे आपण चवीसाठी मोजतो.

आता तेल. वैदर्भीय रश्श्यावर तर्री तरंगली नाही तर पाहुण्याला वाटतं, काही चुकलं. किलोभर चिकनला १०० मिलिलिटर तेल हे आमच्याकडे काटकसरीचं माप. ते तेल वजनाने ९० ग्रॅमच्या वर, म्हणजे ८०० च्या पुढे उष्मांक. आणि चामडी काढलेल्या त्या किलोभर कोंबडीच्या मांसाचे? सुमारे ७७५. पातेल्यात कोंबडी एक आणि उष्मांकांत तिच्याएवढंच भरणारं तेल दुसरं. चामडी ड्रममध्ये टाकून जे वाचवलं, ते फोडणीत व्याजासकट परत आलं. खोबरं, खसखस अजून धरलेलंच नाही.

शिजताना मांसातलं पाणी सुटतं, १०० ग्रॅमचे सत्तर-पंचाहत्तर होतात, आणि शिजलेल्या मांसाच्या तक्त्यात प्रथिनं २५-३० ग्रॅम दिसतात. ती वाढलेली नसतात, पाणी गेलेलं असतं. ब गटातली काही जीवनसत्त्वं रश्श्यात उतरतात. आपण रस्सा भाकरीत कुस्करून खातो, त्यामुळे ती वाया जात नाहीत. तंतू मात्र कोंबडीत अजिबात नाहीत, कॅल्शियम नावापुरतं. तंतूंचं काम ज्वारीच्या भाकरीने आणि ताटातल्या कांद्याने करायचं. शिजवण्याआधी नळाखाली खळाळून धुण्याने मांस स्वच्छ होत नाही, जंतू ओट्यावर उडतात. ते मरतात उष्णतेने, आत ७४ अंश सेल्सिअस गाठले की.

दुकानातून निघताना कलेजी आणि पोटा मागून घ्यावा. मांसात लोह १०० ग्रॅमला एक मिलिग्रॅमही भरत नाही, कलेजीत ९ भरतं, आणि ते शरीराला पालेभाजीतल्या लोहापेक्षा सहज लागतं. फोलेट आणि ब-१२ ही भरपूर. जीवनसत्त्व अ तर इतकं असतं की गरोदर बाईने कलेजी रोज खाऊ नये, कधीतरी थोडीशीच. एका कोंबडीची कलेजी तशीही लहान, दोन घासांची. ती दहा मिनिटांत शिजते, जास्त ठेवली तर भुसभुशीत होते. पोटा चिवट, तो कोंबडीच्या आधी पातेल्यात जायला हवा.