जोडीदार परगावी, अभ्यास घरी

लग्न ठरले की मुलीचे शिक्षण थांबले, हा काळ आपल्या तालुक्यांतही आता मागे पडत चालला आहे. बी. एड., नर्सिंग, फार्मसी, एम. एस्सी. किंवा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास चालू असतानाच साखरपुडा होतो, पुष्कळदा लग्नही होते. मुलगा पुण्या-मुंबईला कंपनीत, सैन्यात किंवा आखाती देशात. मुलगी कॉलेजसाठी माहेरी किंवा वसतिगृहात. क्वचित उलटही असते. मुलीने शिक्षण पूर्ण करावे हा निर्णय उत्तमच आहे. पण ही दोन-तीन वर्षे अभ्यास, फोन आणि सासर-माहेर या तिन्हींची ओढाताण शरीराला सोसावी लागते. त्याकडे सहसा कोणाचे लक्ष नसते, म्हणून आजचा हा लेख.

हा प्रश्न तसा नवा नाही. डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ साली शिक्षणासाठी अमेरिकेला गेल्या, तेव्हा पती गोपाळराव भारतातच राहिले होते. दोघांमधला दुवा म्हणजे बोटीने जाणारी पत्रे. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांनी मिळवली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्याआधीच, क्षयाने त्यांचे निधन झाले. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. आज औषधे आहेत, तपासण्या आहेत. मग निदान आपल्या हाती असलेल्या गोष्टींत तरी हयगय का करावी?

रात्रीचा फोन

एस. टी. डी. बूथच्या जमान्यात रात्री अकरानंतर दर कमी होत, म्हणून लोक त्या वेळी रांगा लावत. पण मिनिटांचे पैसे पडत असल्याने बोलणे आपोआप आटोपते असे. आता बोलण्याला पैसे लागत नाहीत, त्यामुळे शेवटही नसतो. बारा-एकपर्यंत बोलणे, मग अर्धा तास त्याच विचारात, आणि सकाळी सहाला कॉलेजची एस. टी.

प्रौढ माणसाला रोज किमान सात तास झोप लागते. दिवसभर वाचलेले मेंदूत पक्के होण्याचे मोठे काम झोपेतच होते. म्हणजे झोप मोडून केलेला अभ्यास हा गळक्या घागरीत पाणी भरण्यासारखा आहे. मोबाईलच्या पडद्याचा उजेड झोप आणणाऱ्या द्रव्याचे, मेलाटोनिनचे, प्रमाण कमी करतो. त्यात जागरणासाठी रात्री घेतलेला चहा. त्यातील कॅफीनचा निम्मा भाग चार-पाच तासांनंतरही शरीरात उरलेला असतो. मग डोके दुखते, सकाळी जेवण जात नाही, उपाशीपोटी पुन्हा चहा आणि पाठोपाठ आम्लपित्त. या तक्रारी घेऊन येणाऱ्या मुलीला मी गोळी लिहून देण्याआधी, रात्री किती वाजता झोपतेस, हे विचारतो.

एका मुलीची हकीकत सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. लग्नाला आठ महिने झालेले, पती सैन्यात, मुलगी माहेरी राहून बी. एड. करणारी. डोकेदुखी, धाप, वाचलेले लक्षात न राहणे. आई म्हणाली, “डॉक्टरसाहेब, हिला टेन्शन आहे. सासूबाई म्हणतात, झेपत नसेल तर सोडून दे ते कॉलेज.” रक्त तपासले तर हिमोग्लोबिन ९.२. पतीच्या ठाण्यावर रेंज मिळायची ती रात्री साडेअकरानंतर. त्याची ड्यूटी बदलणे तर कोणाच्याच हाती नव्हते. तेव्हा ठरले असे की आठवड्यात तीनच दिवस रात्री बोलायचे आणि तेही पंधरा-वीस मिनिटे. बाकीच्या दिवशी आपला आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा. ज्याने त्याने सवडीने ऐकायचा. पहिले दोन आठवडे रुसवेफुगवे झाले. मग दोघांनाही सवय लागली. लोहाच्या गोळ्यांनी तीन महिन्यांत हिमोग्लोबिन ११ च्या वर गेले आणि गोळ्या पुढेही चालू ठेवल्या. कॉलेज सुटले नाही. सासूबाईंचा रुकार मात्र पहिल्या वर्षाचा निकाल लागल्यावरच मिळाला.

आधी तपासणी, मग ‘टेन्शन’

या अनुभवावरून एक सांगावेसे वाटते. थकवा, धडधड, विसराळूपणा यांवर ‘विरहाचे टेन्शन’ असा शिक्का मारण्याआधी हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घ्या. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्त कमी आढळले. म्हणजे निम्म्याहून अधिक! गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली नसावे. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. डब्यात उसळ, पालेभाजी, बाजरीची भाकरी असावी. वडापावावर दिवस काढू नये.

ताणाने पाळी पुढे जाऊ शकते, हे खरे. परंतु विवाहित मुलीची पाळी चुकली तर परीक्षेचा ताण समजून दोन महिने वाट पाहू नये. आधी लघवीची तपासणी करावी. ‘निश्चय’ हे किट आशाताईंकडे विनामूल्य मिळते.

पाळणा लांबवायचा तर

पती सुट्टीवर चार-आठ दिवस येतो, म्हणून कायमचे साधन कशाला, असा विचार करून अनेक जोडपी घोटाळा करून बसतात. काही गोष्टी स्पष्ट लिहितो.

‘माला-एन’सारख्या गोळ्या पती घरी असेल तेवढ्याच दिवशी घेऊन उपयोग होत नाही. पाकिटातील २८ गोळ्या रोज एक याप्रमाणे घ्याव्या लागतात. सुरू करण्यापूर्वी रक्तदाब तपासावा आणि अर्धशिशीचा त्रास असल्यास डॉक्टरांना सांगावे.

पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या म्हणजे गर्भनिरोधक नव्हेत. सुट्टीच्या वेळी पाळी येऊ नये म्हणून त्या घेतल्या जातात आणि आता काळजी नाही असा गैरसमज होतो.

संबंधानंतर घ्यायची तातडीची गोळी ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. ती अडीअडचणीपुरतीच आहे. दर भेटीला घेतल्यास पाळीचे चक्र बिघडते.

‘छाया’ ही गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा व नंतर एकदा घ्यायची असते. ‘अंतरा’ इंजेक्शन तीन महिन्यांनी एकदा. मात्र ते बंद केल्यावर दिवस राहायला काही महिने उशीर लागू शकतो. शिक्षण संपताच मूल हवे असेल, तर हा हिशेब आधी करावा. तांबीही मूल न झालेल्या स्त्रीला तपासणी करून बसवता येते आणि काढल्यावर दिवस राहू शकतात. अधूनमधून भेटणाऱ्या जोडप्याला निरोध हे सर्वांत सोपे साधन. त्याची जबाबदारी पुरुषाने घ्यावी.

बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी दोन-तीन वर्षे थांबल्याने वंध्यत्व येते, ही भीती निराधार आहे. वयाचा परिणाम प्रामुख्याने पस्तिशीच्या पुढे जाणवतो. मूल हवे असे ठरले की मात्र दिवस राहण्याच्या किमान एक महिना आधीपासून फॉलिक अॅसिडची गोळी सुरू करावी.

मनाचे दुखणे

हुरहूर वाटणे, रडू येणे हा आजार नव्हे. सण असला, मैत्रिणीचा नवरा तिला न्यायला आला की वाईट वाटणारच. पण सलग दोन आठवडे उदास वाटणे, कशातच रस नसणे, झोप-भूक उडणे किंवा जगण्याचा कंटाळा येणे ही लक्षणे असतील तर उशीर करू नये. सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेली मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही, मराठीतून आणि विनामूल्य बोलता येते.

आणखी एक. दिवसातून दहा वेळा ‘कुठे आहेस, कोणाबरोबर आहेस’ असे विचारणे, फोटो पाठवायला लावणे, फोन उचलला नाही म्हणून शिव्या देणे, याला प्रेम म्हणू नये. अशाने घाबरून कॉलेज सोडू पाहणाऱ्या मुलीच्या पाठीशी आईवडिलांनी उभे राहिले पाहिजे.

दोन्ही घरांनी ठरवावे

लग्नाच्या बैठकीत मानपान, दागिने यांवर तासन्‌तास चर्चा होते. तेथेच आणखी चार गोष्टी बोलाव्यात. शिक्षण कोणत्या वर्षापर्यंत चालणार? फी कोण भरणार? परीक्षेच्या महिन्यात सासरच्या कार्याला मुलगी आली नाही तर चालेल ना? मूल केव्हा? बोलणे शक्यतो कागदावर उतरवावे. पुढे वाद होत नाहीत.

जोडप्याने परीक्षेचे वेळापत्रक आणि रजेचे दिवस एकाच कॅलेंडरवर लिहावेत. पुढची भेट कधी हे ठाऊक असले की मन स्थिर राहते. भांडणाचा विषय रात्री काढू नये, रविवारी दुपारसाठी ठेवावा. आणि शिकणाऱ्या सुनेला फोनवर ‘गोड बातमी कधी?’ असे विचारण्याऐवजी ‘जेवलीस का, झोप झाली का?’ असे विचारावे. तिला त्याने जास्त बळ मिळेल.