अरण्याचा खरा राखणदार

२०१९ साली यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ तेलंगणाची सीमा ओलांडून, मराठवाड्यातील शेतशिवारे पार करीत, वर्षअखेरीस बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन पोचला. त्याच्या गळ्यातील रेडिओ-पट्ट्याने या प्रवासाची नोंद १,३०० किलोमीटरांच्या आसपास केली. त्याचे कौतुक पुष्कळ झाले. परंतु ही वाट बहुतांशी अभयारण्यांतून नव्हे, तर गावांच्या शिवारांतून गेली, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. वन्य प्राण्यांचे भवितव्य वनखात्याच्या सीमास्तंभांवर जेवढे अवलंबून आहे, तेवढेच ते गावकऱ्यांच्या सहनशीलतेवरही आहे, हा त्याचा सरळ अर्थ होय.

ज्ञानगंगा अभयारण्य १९९७ साली घोषित झाले. त्याचे क्षेत्र अवघे २०५ चौरस किलोमीटर. भोवतालच्या गावांत शेती बव्हंशी कोरडवाहू. उन्हाळ्यात गुरांना वैरण आणि चुलीला सरपण कोठून आणावयाचे, हा तेथील नित्याचा प्रश्न. केवळ 'मनाई आहे' एवढेच उत्तर त्यास मिळत राहिले, तर जंगल हे सरकारचे, आपले नव्हे, ही भावना दृढ होते; आणि जे आपले नाही, त्याला लागलेला वणवा विझविण्यास कोण धावणार?

याच विदर्भात, अमरावती जिल्ह्यातील पायविहीर या गावाने वेगळा मार्ग दाखविला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये २०१२ साली ग्रामसभेला सुमारे १९३ हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. 'खोज' या संस्थेच्या साहाय्याने आणि रोजगार हमीच्या कामांतून लोकांनी उजाड टेकडी पुन्हा हिरवी केली. तेथील सीताफळे मुंबईच्या बाजारात पोचली व रोजगारासाठी होणारे स्थलांतर ओसरले. २०१४ साली या गावाला जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी वरून लादली की ती चुकविली जाते. गावाने स्वतः स्वीकारली की ती पाळली जाते.

हक्क दिला की जंगल तुटेल, अशी शंका घेतली जाते. ती अगदीच निराधार नाही. म्हणूनच या कायद्याने हक्काबरोबर वन व वन्य जीव यांच्या रक्षणाचे कर्तव्यही ग्रामसभेवर सोपविले आहे. अभयारण्ये या कायद्याच्या कक्षेबाहेर नाहीत, हेही ध्यानात घ्यावयास हवे. अर्थात, पायविहीरची नक्कल अभयारण्यात करता येणार नाही. तेथे फळबागेपेक्षा वन्य प्राण्यांची गरज मोठी. परंतु मोकाट चराईऐवजी गवत कापून नेण्याची व्यवस्था, वणवा-रक्षणाची मजुरी, पीक वा जनावर गमावलेल्यास विनाविलंब भरपाई आणि सभोवतालच्या वनांवर ग्रामसभांचे हक्क, एवढे तरी निश्चितच करता येईल.

वाघ आला, तो चालून गेला. गावे मात्र तेथेच राहणार आहेत. त्यांची भाकर जंगलाच्या असण्याशी जोडली गेली, तरच पुढच्या वाघाला वाट मोकळी राहील.