मुलांचा भागाकार आणि आपण



दरवेळी या पानावर आम्ही बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांच्याविषयी लिहितो. या खेपेस विषय थोडा वेगळा आहे, पण शेताला लागूनच आहे.

लागणीच्या नोंदी घेत आम्ही उमरखेड तालुक्यातल्या एका सभासदाच्या ओसरीवर बसलो होतो. चार फुटांची सरी पाडायची, एक डोळ्याची टिपरी फूटभर अंतरावर लावायची, तर एकराला डोळे किती लागतील, असा प्रश्न निघाला. हिशेब सोपा आहे. एकराचे ४३,५६० चौरस फूट, त्याला ४ ने भागले की सरीची एकूण लांबी फुटात मिळते. फुटाला एक डोळा, म्हणजे तितकेच डोळे. पाचवीतली मुलगी शेजारीच वही घेऊन बसली होती. वडील म्हणाले, "कर बाई तू, साहेबांना दाखव." तिने केले आणि उत्तर सांगितले, १८९.

वडील भडकले. "एकराला १८९ डोळे? काहून जाते मग शाळेत?" पोरीने वही मिटली.

आम्ही वही मागून घेतली. पाहतो तर तिचा पाढा बरोबर, वजाबाकी बरोबर, अंक खाली घेणे बरोबर. चुकली होती ती दोन शून्ये. खरे उत्तर १०,८९०. म्हणजे मुलीला भागाकार येत होता, फक्त एक गोष्ट तिला कोणी नीट उलगडून सांगितली नव्हती. नंतर वडील हळूच म्हणाले, "साहेब, खरं सांगू का, मलाही येत नाही. चौथीतच शाळा सुटली. पावती येते, सही करतो." हे वाक्य मनात राहिले, म्हणून हा लेख.

हे एकट्या घराचे दुखणे नाही

'प्रथम' या संस्थेतर्फे २००५ पासून देशभरच्या खेड्यांत 'असर' नावाची पाहणी होते. त्यात मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायला सांगतात. २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भागातल्या पाचवीच्या शंभर मुलांपैकी साधारण ३१ मुलांना हा भागाकार आला, आणि आठवीतल्या शंभरातल्या साधारण ४६ मुलांना. म्हणजे आठवी गाठूनही निम्म्याहून जास्त मुले इथेच अडतात. तेव्हा आपले पोरगे अडले तर ते 'ढ' आहे असे समजू नये.

भागाकार अवघड का जातो, तेही समजून घ्यावे. बेरीज, वजाबाकी, गुणाकार उजवीकडून सुरू होतात, भागाकार तेवढा डावीकडून. शिवाय त्यात पाढा, गुणाकार, वजाबाकी आणि अंदाज अशी चार कामे एकामागून एक करावी लागतात. एक जरी कच्चे असले तरी सगळे गणित चुकते आणि मुलाला वाटते, आपल्याला भागाकारच येत नाही.

आधी दोन गोष्टी तपासा

पहिली गोष्ट पाढे. दोन ते दहाचे पाढे पाठ नसतील तर भागाकार सुरूच करू नका. पण पाढा नुसता ओळीने म्हणवून घेऊ नये. मधूनच विचारावे, "चार आठे?" आणि मग उलटे विचारावे, "बत्तीसात चार किती वेळा?" हा उलटा प्रश्न म्हणजेच भागाकार. बैल सोडताना, मोटार चालू करायला जाताना, वाटेत हे होते. त्याला वेगळा वेळ लागत नाही.

दुसरी गोष्ट संख्या ऐकणे. आपल्या मराठीत 'बहात्तर' म्हणताना दोन आधी आणि सत्तर नंतर येतात, लिहिताना मात्र ७ आधी आणि २ नंतर. लहान मूल ऐकल्याप्रमाणे २७ लिहून बसते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'सत्तर दोन', 'वीस एक' अशी वाचनाची जोड दिली, तेव्हा मोठा वाद झाला होता. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी त्यामागची अडचण हीच सांगितली होती. वाद काही असो, घरी मूल अडखळले तर 'बहात्तर, म्हणजे सत्तर आणि दोन' असे एकदा फोडून सांगायला काही हरकत नाही.

नोटांवरून सुरुवात

कागद-पेन्सिल नंतर. आधी पैसे घ्या. शंभराच्या, दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी. खरे नसतील तर जुन्या पावत्यांच्या पाठीवर १००, १० आणि १ लिहून तुकडे करा.

समजा, चौघांचे सामाईक इंजिन आहे. डिझेलचा खर्च ९५२ रुपये. प्रत्येकाच्या वाट्याला किती? मुलासमोर शंभराच्या ९, दहाच्या ५ आणि रुपयाची २ नाणी ठेवा आणि त्यालाच वाटू द्या.

शंभराच्या ९ नोटा चौघांत वाटल्या. प्रत्येकाला २ गेल्या, १ उरली. ही एक नोट चौघांत फाडून वाटता येत नाही. मग काय करायचे? मूल स्वतःच म्हणेल, "मोड आणू." शंभराची मोड दहाच्या १० नोटा. जवळच्या ५ मिळून १५ झाल्या. प्रत्येकाला ३, उरल्या ३. त्यांची मोड ३० रुपये, जवळची २ नाणी मिळून ३२. प्रत्येकाला ८, उरले काही नाही. प्रत्येकाचा वाटा २३८ रुपये.

आता हेच कागदावर मांडा आणि नोटांशी जुळवत चला:

९ शेकडे ÷ ४ : भाग २, चार दुणे ८, उरला १
५ खाली घेतले, झाले १५ दशक : भाग ३, चार त्रिक १२, उरले ३
२ खाली घेतले, झाले ३२ : भाग ८, चार आठे ३२, बाकी ०

गुरुजी 'अंक खाली घे' म्हणतात, त्याचा अर्थ इथे उघड होतो. उरलेल्या नोटेची मोड करून ती पुढच्या ढिगात मिसळणे, एवढाच तो अर्थ आहे. आणि डावीकडून का सुरू करायचे, तेही कळते. वाटणी करताना माणूस मोठ्या नोटा आधी वाटतो.

आमची विनंती अशी की हा खेळ चार-पाच दिवस तरी होऊ द्यावा. घाईने रीत पाठ करून घेतली तर ती परीक्षेपुरती टिकते.

शून्याची जागा

आता त्या मुलीच्या गणिताकडे येऊ. ४३,५६० भागिले ४.

४ मध्ये चार एकदा जातात, भाग १, उरले ०. पुढचा ३ खाली घेतला. तिनात चार जात नाहीत. इथे मुलगी म्हणाली, "जात नाही, मग पुढचा घ्यायचा," आणि ५ खाली घेऊन ३५ केले. चूक नेमकी इथे झाली. जात नसेल तर भागाकारात शून्य लिहून मगच पुढचा अंक घ्यायचा. ३५ मध्ये भाग ८, उरले ३. ६ घेतला, ३६ मध्ये भाग ९, उरले ०. शेवटचा ० खाली घेतला, भाग ०. उत्तर १०८९०.

हे शून्य कशासाठी, ते आम्ही तिला सरीवरून सांगितले. सरीत एक डोळा उगवला नाही, नांगी पडली, म्हणून पुढचे रोप सरकून त्या जागी येत नाही. जागा रिकामी राहते, पण राहते. भागाकारातही खाली घेतलेल्या प्रत्येक अंकाला वर एक जागा आहे. तिथे काही नसेल तर शून्य, पण जागा मोडायची नाही. मुलगी लगेच म्हणाली, "म्हणजे शून्य म्हणजे नांगी!" आम्ही म्हटले, हो.

एक खूण मुलांना शिकवून ठेवा. पहिला भाग लागल्यानंतर जितके अंक खाली घेतले, तितकेच अंक उत्तरात पुढे आले पाहिजेत. वरच्या गणितात ३, ५, ६, ० असे चार अंक घेतले, म्हणून १ च्या पुढे चार अंक हवेत.

दोन अंकी भाजक

इथे मोठी माणसेसुद्धा हात टेकतात, कारण ४६ चा पाढा कोणालाच पाठ नसतो. पाठ असायची गरजही नाही.

उदाहरण आपल्या कामाचे घेऊ. सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे एकरी साधारण १०० किलो. (माती परीक्षणाप्रमाणे ते कमीजास्त करावे आणि हप्त्याहप्त्याने द्यावे, हे आपण जाणताच.) युरियात नत्र ४६ टक्के. म्हणजे १०० किलो नत्रासाठी १०,००० भागिले ४६ इतके किलो युरिया.

मुलाला आधी बाजूला ४६ च्या पटी बेरजेने लिहू द्या: ४६, ९२, १३८, १८४, २३०, २७६, ३२२, ३६८, ४१४. दोन मिनिटांचे काम आहे. मग भागाकार:

१०० मध्ये ४६ दोनदा (९२), उरले ८
० खाली, ८० मध्ये एकदा (४६), उरले ३४
० खाली, ३४० मध्ये सातदा (३२२), बाकी १८

उत्तर २१७, बाकी १८. पटी न लिहिता करायचे असेल तर अंदाज घ्यावा. ४६ म्हणजे जवळपास ५०, ३४० मध्ये पन्नास सहा वेळा जातात, म्हणून ६ धरून पाहावे. ६ ला २७६, उरतात ६४. हे ६४ भाजकापेक्षा मोठे, म्हणजे आणखी एकदा जाते. भाग ७. अंदाज चुकला तर खोडून पुन्हा धरायचा. यात लाज नाही, रीतच तशी आहे. आपल्याकडे पूर्वी धूळपाटीवर गणिते होत, अंक पुसून दुसरा लिहीत, तो याचसाठी. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या 'लीलावती'त बेरीज-वजाबाकी-गुणाकाराच्या मागोमाग भागाकाराची रीत दिली आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ काढल्याचा शिलालेख आपल्याच महाराष्ट्रात, चाळीसगावजवळ पाटण येथे आहे. तेव्हा ही विद्या परकी नाही, आपल्या घरातलीच आहे.

बाकीचे काय करायचे?

आता २१७ किलो युरिया म्हणजे ४५ किलोच्या गोण्या किती? २१७ भागिले ४५. भाग ४, बाकी ३७. वहीत उत्तर '४, बाकी ३७' बरोबर आहे. पण दुकानात चार गोण्या आणून भागणार नाही. पाच आणाव्या लागतील आणि पाचवीतले ८ किलो उरतील.

उलट प्रकारही असतो. १३० मोळ्या आहेत, ४० मोळ्या भरल्या की गाडी पुरी. पूर्ण भरलेल्या गाड्या किती? ३. सगळ्या मोळ्या न्यायला खेपा किती? ४. भागाकार एकच, प्रश्न बदलला की उत्तर बदलते. म्हणून दर गणिताला मुलाला विचारावे, "ही बाकी कशाची? किलोची, मोळ्यांची की रुपयांची? आणि तिचे काय करायचे?"

पडताळा

भाजक गुणिले भागाकार, अधिक बाकी, बरोबर भाज्य. ४६ × २१७ = ९,९८२, त्यात १८ मिळवले की १०,०००. जुळले. १८९ ला ४ ने गुणले असते तर ७५६ आले असते. ४३ हजार कुठे आणि साडेसातशे कुठे? मुलीने स्वतःच चूक पकडली असती, वडिलांना ओरडावे लागले नसते.

पडताळ्याचा दुसरा फायदा आई-वडिलांचा. आपल्याला भागाकार येत नसला तरी गुणाकार बहुतेकांना येतो. मुलाने भागावे, आपण गुणून पाहावे. न शिकलेल्या आईनेही नुसते विचारावे, "पडताळा केलास का रे?"

बोलण्याची रीत

आमच्या पाहण्यात आलेली गोष्ट सांगतो. गणित येत नाही म्हणून बसणारी पोरे थोडी, रागावतील म्हणून न बसणारी जास्त. चुकले तर 'चूक' न म्हणता "कसे केलेस ते सांग" म्हणावे. सांगता सांगता बऱ्याचदा मूलच थांबते. रोज वीस मिनिटे, दोन गणिते, एवढे पुरे. शाळेतली मांडणी वेगळी असेल तर आपली लादू नये, गुरुजींना विचारावे.

आणखी एक. भागाकार शाळेत साधारण तिसरी-चौथीत येतो आणि पुढे पाचवीत पक्का होतो. त्याच वर्षांत तांड्यांवरची कितीतरी मुले आई-बापांबरोबर ऊसतोडीला निघतात. कोयता चालतो तो नेमका शाळेच्या मधल्या महिन्यांत. अशा मुलांसाठी राज्यात साखरशाळा निघाल्या, पण प्रत्येक फडापर्यंत शाळा पोचत नाही. आपल्या फडावर टोळी उतरली असेल आणि संध्याकाळी आपले मूल ओसरीवर भागाकार करीत असेल, तर त्या पोरांनाही शेजारी बसू द्यावे. पावत्यांच्या पाठी त्यांनाही पुरतील.

या आठवड्यासाठी चार गणिते

१) ८४६ ÷ ३
२) ६१२ ÷ ६ (शून्याकडे लक्ष!)
३) ४३,५६० ÷ ५ : पाच फुटी सरी असेल तर एकरात सरीची लांबी किती फूट?
४) १,००० ÷ ४५ : एक टन युरियाच्या गोण्या किती, उरले किती?

उत्तरे : १) २८२ २) १०२ ३) ८,७१२ फूट ४) २२ गोण्या, बाकी १० किलो.

त्या सभासदाकडे आम्ही पुढे बांधणीच्या वेळी गेलो, तेव्हा खताचा हिशेब मुलीने वहीत करून ठेवला होता. वडिलांनी तो गुणून पाहिला होता. दोन्ही आकडे जुळत होते. पावतीवर सही करण्यापूर्वी ती आता घरात एकदा वाचली जाते, असे ते म्हणाले.