फायलीआडचा माइल्स

घरात इंग्रजी बोलणारी मुलं असतील तर सरकार दरडोई दोन पौंड देणार, अशी बातमी गावात येते. म्हातारा मनाशी हिशेब करतो. घरात मूल एकच, पण डुकरिणीला पिल्लं भरपूर. तो पिल्लांना कपडे चढवतो आणि अंधाऱ्या कोपऱ्यात ओळीनं बसवतो. निरीक्षक येतो. वासानं हैराण होऊन दारातूनच डोकावतो, डोकी मोजतो, रक्कम मंजूर करतो आणि सुटतो. पुढे त्यातलंच एक पिल्लू अंगावरच्या कपड्यांनिशी पळून जातं. गावोगाव बोली गोळा करत फिरणाऱ्या एका भाषापंडिताला ते रात्रीच्या अंधारात भेटतं. काही केल्या समजत नाही म्हणजे ही अस्सल, जुनी, गाढ आयरिश असणार, असं ठरवून तो त्याचं घुरघुरणं यंत्रावर मुद्रित करून घेतो. बर्लिनमध्ये त्या मुद्रणावर विद्वान खूश होतात आणि पंडिताला पदवी मिळते.

उभी नोकरी सरकारी कचेरीत काढलेल्या माणसाला हा प्रसंग वाचताना आधी हसू येतं आणि मग थोडं इकडेतिकडे बघावंसं वाटतं. लाभार्थ्यांच्या याद्या मीही तपासल्या आहेत. माणसं मोजायची असतात, बघायची नसतात, हे बाहेरून हेरणं अवघड. लिहिणारा आतलाच असणार असं मला वाटलं, आणि तो होताही.

त्याचं खरं नाव ब्रायन ओ'नोलन. जन्म ५ ऑक्टोबर १९११चा, स्ट्राबेन गावातला. हे गाव आता उत्तर आयर्लंडमध्ये येतं. बारा भावंडांत हा तिसरा. वडील सीमाशुल्क खात्यात. घरात कटाक्षानं आयरिशच बोलायची, त्यामुळे इंग्रजी ही त्याला बाहेरून मिळालेली भाषा. डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात तो वादसभा गाजवत असे. १९३५ साली तो सरकारी सेवेत लागला, स्थानिक स्वराज्य खात्यात. दोनच वर्षांनी वडील अचानक गेले आणि आई व भावंडांचा भार त्याच्या एकट्याच्या पगारावर आला. त्याचं पुढचं सगळं वाचताना ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते. नोकरी सोडून लेखक होण्याची चैन त्याला कधी परवडणारच नव्हती.

सरकारी नोकरानं राजकारणावर जाहीर लिहायचं नाही, हा नियम तिकडेही होताच. मग टोपणनावं आली. कादंबऱ्यांसाठी फ्लॅन ओ'ब्रायन, वर्तमानपत्रासाठी माइल्स ना गोपालीन. (आपल्या गोपाळाशी संबंध नाही. एका जुन्या आयरिश नाटकातलं हे पात्र.) खात्यात सगळ्यांना ठाऊक होतं, पण कागदावर कुणालाच ठाऊक नव्हतं. ही तडजोड फक्त कचेरीतच चालू शकते.

पहिली कादंबरी 'अॅट स्विम टू बर्ड्स' मार्च १९३९मध्ये लंडनच्या लाँगमन्सनं काढली. प्रकाशकाकडे तिची शिफारस ग्रॅहम ग्रीननं केली होती. काकांकडे राहणारा, बहुतेक वेळ अंथरुणात लोळणारा एक विद्यार्थी कादंबरी लिहितोय. त्याच्या कादंबरीत ट्रेलिस नावाचा आणखी एक लेखक आहे. हा ट्रेलिस आपल्या पात्रांना एका हॉटेलात डांबून ठेवतो, म्हणजे ती नजरेखाली राहतील. पण तो झोपला की पात्रं मोकळी होतात. मग ती त्याला औषध देऊन झोपवायला लागतात आणि शेवटी त्याच्यावर खटलाच भरतात. पुराणातला वीर फिन मॅककूल, वेडा राजा स्वीनी आणि दुसऱ्या लेखकाकडून उसने आणलेले काउबॉय असे सगळे एकाच छपराखाली. जेम्स जॉइसला पुस्तक आवडलं. खपल्या मात्र २४४ प्रती. १९४० साली जर्मन बॉम्बफेकीत प्रकाशकाचं गोदाम जळालं आणि उरलेल्या प्रतीही गेल्या.

त्याच वर्षी दुसऱ्या कादंबरीचं, 'द थर्ड पोलिसमन'चं, हस्तलिखित परत आलं. पहिल्यापेक्षा कमी विक्षिप्त लिहावं अशी प्रकाशकाची अपेक्षा होती, आणि हे तर जास्तच विक्षिप्त निघालं. नकार आला हे मित्रांना सांगायची लाज वाटली असावी. हस्तलिखित हरवलं म्हणून त्यानं सांगून टाकलं. ते मोटारीतून पानापानानं उडून गेलं, अशीही एक आवृत्ती त्यात होती. प्रत्यक्षात ते घरातच पडून होतं. छापलं गेलं १९६७मध्ये, तो वारल्यावर.

या पुस्तकातला पोलीस ठाण्याचा कारभार मी पुन्हा पुन्हा वाचतो. तिथल्या सार्जंटचा सिद्धांत असा की, खडबडीत रस्त्यांवर वर्षानुवर्षं सायकल चालवली की माणसाचे अणू सायकलीत जातात आणि सायकलीचे माणसात. गावातला पोस्टमन ७१ टक्के सायकल झालेला आहे. प्रमाण वाढू नये म्हणून सार्जंट स्वतःच लोकांच्या सायकली चोरतो आणि मग त्या शोधूनही देतो. सगळं टक्केवारीत, गंभीरपणे, अहवालाच्या भाषेत. इथे विनोद करतोय असं लेखक एकदाही दाखवत नाही. 'सादर, अवलोकनार्थ' म्हणून फाइल वर पाठवावी, तसं लिहितो.

'आयरिश टाइम्स'मधल्या सदराची सुरुवात खोड्यांतून झाली. खोट्या नावांनी संपादकाला पत्रं लिहायची, मग दुसऱ्या खोट्या नावानं त्यांना उत्तरं द्यायची, असे वाद त्यानं आणि मित्रांनी पेटवले होते. संपादक स्मायली हुशार. यांना गप्प करण्यापेक्षा यांच्यातल्या एकाला पगारी करावं, असं त्यानं ठरवलं. ४ ऑक्टोबर १९४०ला 'क्रूस्कीन लॉन' सुरू झालं. आधी बहुतांश आयरिशमध्ये, नंतर इंग्रजीत, आणि मध्येमध्ये लॅटिनचीही फोडणी. १९६६मध्ये त्याचा मृत्यू झाला तोपर्यंत ते चाललं.

त्यातली पुस्तकं मळवण्याची सेवा सगळ्यात प्रसिद्ध. कुणा धनिकाचं नवं कोरं ग्रंथालय पाहून माइल्सला कीव येते. वाचायला या माणसाला वेळ नाही, पण न वाचल्याचं दिसलं तर पंचाईत. म्हणून प्रशिक्षित माणसं ठरलेल्या दरात पुस्तकं वापरल्यासारखी करून देतील. स्वस्त दरात चार पानांचे कोपरे दुमडायचे आणि आत ट्रामचं एखादं तिकीट विसरायचं. दर वाढला की समासात शेरे आणि अधोरेखन. सर्वोच्च श्रेणीत प्रत्यक्ष लेखकाच्या सहीचा प्रेमळ, अर्थातच बनावट, मजकूर. श्रेणी, दर, कामाचं वर्णन, सगळं निविदेसारखं. याशिवाय बसथांब्यावर भेटणारा एक माणूस असे. आपला भाऊ सगळ्या विषयांतला कसा तज्ज्ञ आहे, एवढंच तो सांगत राही. असा भाऊ प्रत्येक गल्लीत असतो.

आपल्याकडे जयवंत दळवी 'ललित'मध्ये ठणठणपाळ होऊन साहित्यिकांच्या टोप्या उडवत आणि त्याच हातानं 'चक्र' लिहीत. दळवींचं दोन्ही सुखानं चाललं. माइल्सनं मात्र 'अन बेल बोख्त' (सुरुवातीचा डुकरांचा प्रसंग याच आयरिश कादंबरीतला, १९४१ची) नंतर वीस वर्षं कादंबरी काढली नाही. सदरानं कादंबरीकार खाल्ला, असं बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. कादंबरीकाराला खाल्लं ते १९४०च्या नकारानं. सदरानं त्याला जगवलं, आणि चाळीसच्या दशकातलं सदर हीच त्याची सर्वांत मोठी रचना आहे असं माझं मत आहे. पन्नासच्या दशकात त्यात कडवटपणा आला, दारू वाढली, तेच ते विषय फिरू लागले, हे मात्र खरं.

दिवसाची नोकरीही पोकळ नव्हती. फेब्रुवारी १९४३मध्ये कॅव्हनच्या अनाथाश्रमाला रात्री आग लागली, ३५ मुली आणि एक स्वयंपाकीण गेल्या. चौकशी आयोगाचा सचिव हाच होता. साक्षी टिपणारा आणि सदरातला माइल्स एकच माणूस, हे डब्लिनमध्ये अनेकांना माहीत होतं. १९५३ साली नोकरी संपली. कागदावर कारण प्रकृतीचं. पण सदरात राजकारण्यांची टिंगल वाढत गेली होती, आणि टोपणनावाचा पडदा तोवर कुणाचंच रक्षण करत नव्हता.

पुढच्या वर्षी, १६ जून १९५४ला, पॅट्रिक कॅव्हना, जॉन रायन, अँथनी क्रोनिन वगैरेंबरोबर घोडागाडीतून जॉइसच्या 'युलिसिस'ची वाट धरण्यात तो होता. 'युलिसिस'चा हा दिवस ब्लूम्सडे म्हणून साजरा करण्याची प्रथा या सहलीपासून धरतात. वाटेतल्या दारूच्या गुत्त्यांपायी सहल अर्ध्यावरच आटोपली.

१९६०मध्ये पहिली कादंबरी पुन्हा छापली गेली, तेव्हा त्याला हुरूप आला. 'द हार्ड लाइफ' (१९६१) डब्लिनमध्ये हातोहात खपली, पण मला ती पातळ वाटते. 'द डॉल्की आर्काइव्ह' (१९६४)मध्ये त्यानं 'हरवलेल्या' हस्तलिखितातले सायकलीचे अणू परत वापरले. शिळ्या पोळीचा कुस्करा चवीला वाईट नसतो, पण पोळी आठवत राहते. १ एप्रिल १९६६ला तो गेला. तारीख त्यानं निवडली नव्हती, तरी मित्रांना तसं वाटलं असेल.

वाचायची सुरुवात 'द बेस्ट ऑफ माइल्स'पासून करावी. धाकट्या भावानं, केव्हिननं, केलेली ही निवड १९६८ची. 'अन बेल बोख्त' इंग्रजीत 'द पुअर माउथ' नावानं मिळते. 'द थर्ड पोलिसमन' घेतलंत, तर प्रस्तावना आधी वाचू नका. शेवटी जोडलेलं विल्यम सरोयानला लिहिलेलं पत्रही पुस्तक संपेपर्यंत उघडू नका. त्यात लेखकानं स्वतःच सगळं फोडून ठेवलंय.