जैविक औषधे आणि त्यांचा हिशेब

पेणच्या गणपती कारखान्यात माती मळणारा असो की रोह्याजवळ धाटावच्या वसाहतीत पाळी करणारा असो, खाडा झाला की त्याची मजुरी जाते. म्हणून लांबणीच्या दुखण्याचा विचार आपण हिशेबानेच केला पाहिजे. आतड्याचा चिवट दाह हे असेच दुखणे. अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स रोग हे त्याचे दोन मुख्य प्रकार. जुलाब, शौचातून रक्त, पोटदुखी आणि घटते वजन ही त्याची लक्षणे होत.

हा दाह चेतविणारे टीएनएफ नावाचे द्रव्य शरीरातच तयार होते. ते अडविणाऱ्या इन्फ्लिक्सिमॅब या जैविक औषधास अमेरिकेत १९९८ साली परवानगी मिळाली. परंतु क्षयाच्या जंतूंना कोंडून ठेवण्यासही हेच द्रव्य लागते. हे औषध घेतलेल्या ७० रोग्यांना क्षय झाल्याची नोंद २००१ साली प्रसिद्ध झाली. म्हणून पहिल्या मात्रेपूर्वी छातीचा फोटो आणि सुप्त क्षयाची तपासणी झालीच पाहिजे. शिवाय आतड्याचा क्षय आणि क्रोन्स रोग दिसावयास सारखेच. तेव्हा निदानही पक्के हवे.

सुरुवातीस, दुसऱ्या व सहाव्या आठवड्यात आणि पुढे दर आठ आठवड्यांनी हे औषध शिरेतून देतात. काही काळाने गुण येईनासा झाला, तर ‘औषध वाया गेले’ असे म्हणण्यापूर्वी दोन गोष्टी मोजाव्यात. शौचातील कॅल्प्रोटेक्टिनवरून दाहाचा अंदाज येतो. पुढच्या मात्रेपूर्वी काढलेल्या रक्तात औषध किती उरले तेही कळते. दाह चालू असता मिलिलिटरमागे किमान ५ मायक्रोग्रॅम असावे, असे अमेरिकन तज्ज्ञसंस्थेने २०१७ साली सुचविले.

औषध कमी, पण त्याविरुद्ध प्रतिपिंडे नाहीत, तर डॉक्टर मात्रा वाढवितात किंवा अंतर कमी करतात. प्रतिपिंडे फार असतील, तर बहुधा औषध बदलावे लागते. औषध पुरेसे असूनही दाह कायम असेल, तर निराळ्या रीतीने काम करणारे औषध शोधावे लागते. म्हणजे एकाच तक्रारीची तीन कारणे आणि तीन उपाय. न मोजता महागडी मात्रा वाढविणे हा निव्वळ अंदाज होय.

बरे वाटले म्हणून मनाने मात्रा चुकवू नये. मध्ये खंड पडला की प्रतिपिंडे तयार होण्याचा धोका वाढतो. आणि मालकांकडे आपली मागणी एवढीच, की मात्रेचा व तपासणीचा दिवस खाडा म्हणून धरू नये. मजुरीच्या भीतीने चुकलेली एक मात्रा कामगारास पुढे कित्येक महिने घरी बसवू शकते.