'टोटल लॉस' गाडी असुरक्षितच असते का? निर्देशक निवडतानाची एक गोची

अपघातातली गाडी दुरुस्त करण्यापेक्षा मालकाला तिची किंमत देऊन मोकळं होणं विमा कंपनीला परवडतं, तेव्हा ती गाडी 'टोटल लॉस' ठरते. या व्याख्येत सुरक्षितता कुठेच नाही, सगळा हिशोब पैशाचा. तरीही धोकादायक गाड्या रस्त्याबाहेर ठेवायचे नियम अनेक देशांत याच शिक्क्यावर उभे आहेत. सिनॉप्सिसमध्ये 'निर्देशक' हा शब्द लिहिण्याआधी हे उदाहरण नीट बघा.

आपल्याकडचंच गणित घेऊ. भारतात गाडीच्या पॉलिसीवर आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली किंमत, छापलेली असते. दुरुस्तीचा खर्च तिच्या ७५ टक्क्यांपेक्षा जास्त झाला की गाडी टोटल लॉस. आता समजा, एकाच मॉडेलच्या दोन गाड्या, दोघींची चॅसी सारखीच वाकलेली, बिल प्रत्येकी २ लाख ६० हजार. एकीची आयडीव्ही ८ लाख, म्हणजे मर्यादा ६ लाख. ती गॅरेजमध्ये जाते आणि कुठलाही शिक्का न लागता परत येते. दुसरी जुनी, आयडीव्ही ३ लाख, मर्यादा सव्वादोन लाख. ती टोटल लॉस. नुकसान तेच, शिक्का मात्र एकीलाच! उलटंही होतं. गारपिटीत टपापासून बॉनेटपर्यंत पोचे आलेली गाडी खर्चामुळे बाद होते, पण तिचे ब्रेक, स्टिअरिंग, सांगाडा ठणठणीत असू शकतो.

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याने २०११ मध्ये कडक मार्ग धरला: टोटल लॉस ठरलेल्या मोटारींची पुन्हा नोंदणीच नाही. अपवाद मोजके, आणि त्यात गारपीटग्रस्त गाड्या आहेत. शिक्का आणि धोका एक नाहीत, हे कायद्यालाच मान्य करावं लागलं ते असं.

ब्रिटनचं उदाहरण मला जास्त शिकवणारं वाटतं. तिथे विमा कंपन्यांच्या संघटनेची आचारसंहिता आहे. अ आणि ब वर्गातल्या गाड्या रस्त्यावर परत येऊच शकत नाहीत. ब मधले सुटे भाग तेवढे वापरता येतात. त्याखालचे क आणि ड हे जुने वर्ग दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या तुलनेत किती, यावर ठरायचे. १ ऑक्टोबर २०१७ पासून ते रद्द झाले. त्यांच्या जागी 'एस' आणि 'एन' आले: सांगाड्याला इजा झालेली आणि न झालेली. म्हणजे मोजायची गोष्टच बदलली. खर्चाऐवजी नुकसानाचं स्वरूप. पण 'एन' म्हणजे निर्धास्त असंही नाही बरं का, त्यातही स्टिअरिंग किंवा सस्पेन्शन बिघडलेलं असू शकतं.

आणखी एक गुंता. भंगारातल्या गाडीचे कागद आणि चॅसी नंबर चोरीच्या गाडीला चढवण्याचा धंदा जुना आहे. तो रोखायला ब्रिटनने २००३ मध्ये ओळख-तपासणी सुरू केली आणि २०१५ मध्ये बंद केली. ती तपासणी एवढंच पाहायची की ही गाडी तीच आहे का. दुरुस्ती नीट झाली का, हा तिचा प्रश्नच नव्हता. चोरी आणि सुरक्षितता ही दोन वेगळी चलं आहेत. 'नियमन परिणामकारक ठरलं का' असं विचारताना ती एकत्र केलीत, तर उत्तर कशाचं आलं हे तुम्हालाच कळणार नाही.

आपल्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५५ सांगतं, की गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मालकाने १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचं. पण विम्याच्या गणितात टोटल लॉस झालेली गाडी 'कायमची निकामी' असतेच असं नाही. कुणीतरी ती विकत घेतो, डेंटिंग-पेंटिंग करतो, गाडी पुन्हा बाजारात. ही फट कुणी प्रबंधासाठी घेतलीच, तर किती गाड्या परतल्या हे मोजण्याआधी एक तक्ता करा: परतण्यापूर्वी कुणी, काय तपासलं? एअरबॅगच्या जागी खरंच एअरबॅग आहे का, आणि रंगाखालचं वेल्डिंग कुणी पाहिलं का?